रुळांकडेचं घर

अगं मनू, आधी ती खोकी उघड. बेडरूमच्या कोपऱ्यात थप्पी तशीच आहे, लग्नातला डिनर सेट अजून गुंडाळलेला आहे आणि भिंतीला कॅलेंडरपुरतासुद्धा खिळा नाही. विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं, “ताई, इथे कायमचं थोडंच राहायचंय? पाचेक वर्षांत विकून ठाण्याला जाऊ.” जाल गं, नक्की जाल. पण कर्ज वीस वर्षांचं आहे आणि संसार आत्ता चालू झालाय. पुढच्या घराची वाट बघत आहे त्या घरात पाहुणी म्हणून राहणाऱ्या बायका मी डोंबिवलीत पुष्कळ पाहिल्यात. पोरं दहावी होतात, तरी त्यांचे पडदे ‘सध्यापुरते’च असतात.

बदलापूरची जागा अडचणीची आहे, हे मी नाकारत नाही. उगाच “किती छान, किती मोकळं” करणारी मी नव्हे. समोर रूळ, मागे नदी, दुपारचं ऊन थेट अंगावर, आणि ऑफिस व्हीटीला म्हणजे 68 किलोमीटरवर. पण तू आणि समीरने कागद-पेन घेऊन हिशेब मांडला तेव्हा मी समोर बसले होते. त्याच पैशात डोंबिवलीत वन आरके येत होता, तोही बिनलिफ्टच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. इथे दोन बेडरूम आहेत, सासूबाई आल्या तर दार लावून दुपारी पडता येईल अशी त्यांना वेगळी खोली आहे. हिशेब चोख होता. वास्तुशांतीला मोठ्या काकू “बाई गं, गाडी गेली की भांडी वाजतात इथे” म्हणाल्या, ते अजून मनात धरून बसली आहेस. काकूंच्या दादरच्या घरात सकाळी अंघोळीला नंबर लावावा लागतो, ते त्या सांगत नाहीत.

आता मुद्द्याचं. जागेचा कुठलाच दोष चोवीस तास नसतो. प्रत्येकाची वेळ ठरलेली असते, काहींचा महिनाही ठरलेला असतो. तुझ्या बोलण्यात सारखं येतं, “सतत आवाज”, “सतत उकाडा”, “सतत धूळ”. सतत काही नसतं गं. एक आठवडा फ्रिजवर कागद लाव आणि लिहीत जा, कुठल्या वेळी, कुठल्या खोलीत, काय होतं. आमची पहिली जागा ठाकुर्लीच्या बाजूला अगदी रुळांवर होती. लिहायला घेतल्यावर कळलं की लोकलने माझी झोप मोडतच नव्हती. मोडत होती ती मध्यरात्रीनंतरची मालगाडी आणि पहाटेचा भोंगा. म्हणजे बंदोबस्त अख्ख्या दिवसाचा करायचा नव्हता, रात्रीच्या चार-पाच तासांचा करायचा होता, आणि तोही एकाच खोलीत. खर्च तिथेच निम्मा झाला.

कागद लावशील तेव्हा मोबाइलमधलं होकायंत्रही उघड. स्टेशनवरच्या ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’वर जाऊ नकोस. कल्याणनंतर कर्जतची लाइन अशी आग्नेयेला वळते की बदलापूर पश्चिम ही खरी उगवतीची बाजू होते आणि ईस्टवाले मावळतीला. तू राहतेस वेस्टला, पण तुझ्या मागच्या खिडकीतून, नदीकडून, सूर्य उगवतो आणि समोर रुळांपलीकडे मावळतो. (वास्तुवाल्या गुरुजींनी स्टेशनच्या पाटीवरून देव्हाऱ्याची दिशा काढली नसेल अशी आशा आहे. सासूबाईंना यातलं काही बोलू नकोस.) याचा अर्थ कळला का? तुझा आवाज आणि तुझं ऊन एकाच बाजूने येतं. दोन वैरी एकाच दाराशी. मागची बाजू दोन्हीतून मोकळी आहे आणि तिथे तू काय ठेवलंयस? इस्त्रीचं टेबल, कपड्यांचा स्टँड आणि ती खोकी!

तेव्हा पहिलं काम, झोपायची खोली बदल. बिल्डरने नकाशावर मोठ्या खोलीला ‘मास्टर बेडरूम’ लिहिलं म्हणून तिथेच झोपलं पाहिजे असा कुठे कायदा आहे? मागची छोटी खोली झोपायला घ्या. पलंग आणि एक कपाट बसतं तिथे, मी पावलांनी मोजून पाहिलंय. मोठी खोली दिवसाची करा. समीरचं टेबल, शिलाई मशीन, पाहुण्यांचा दिवाण सगळं तिकडे. सासूबाई येतील तेव्हा त्यांना मागची खोली द्या आणि तेवढ्या दिवसांपुरते तुम्ही पुढे झोपा.

पुढच्या खोलीचा आवाज थोडा तरी कमी करायचाच, कारण तिथे माणसं बसणार, फोनवर बोलणार. इथे दुकानदार तुला फसवतील म्हणून सविस्तर सांगते. आवाज पाण्यासारखा असतो, फट सापडली की आत आलाच. तुझ्या सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या आहेत ना, त्यांच्या दोन झडपा जिथे एकमेकींवर येतात तिथे मऊ केसाळ पट्टी असते. बिल्डरची पट्टी वर्षात झिजते. रात्री दिवे घालव, समीरला बाल्कनीतून मोबाइलचा टॉर्च चौकटीभोवती फिरवायला सांग आणि तू आत अंधारात उभी राहा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून आवाज येतोय. ती पट्टी बदलून घेणं, चौकट आणि भिंत यांच्यामधली भेग सिलिकॉनने भरणं, एसीच्या पाइपाचं भोक बुजवणं, हे आधी. काचेचं नंतर.

काच बदलायचीच झाली तर ‘टफन्ड’ घेऊ नकोस. ती मजबुतीसाठी असते, आवाजासाठी नाही. दुकानात मात्र तीच पुढे करतात. मागायची ती लॅमिनेटेड, दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असलेली. आणि सरकत्या खिडकीपेक्षा दारासारखी उघडणारी, रबराचं गॅस्केट दाबून बंद होणारी खिडकी कितीतरी चांगली. पैसे असतील तर जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूला वीतभर अंतर सोडून दुसरी बसव. गाडीची ती जड घरघर असते ना, तिला मधली हवा जितकी जास्त तितकी अडवता येते. अर्ध्या इंचाच्या फटीची डबल काच बोलण्याचा आवाज थांबवेल, मालगाडी नाही. आवाज दहा डेसिबलने उतरला की कानाला साधारण निम्मा वाटतो, तेवढं झालं तरी गंगेत घोडं न्हालं समज. आपल्या कायद्यात राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा लिहिलेली आहे. रुळांकडेच्या कुठल्या घरात ती पाळली जाते, ते मला विचारू नकोस. लग्नाच्या लॉनवरचा डीजे मात्र रात्री दहानंतर वाजला तर निमूट ऐकून घ्यायचं नाही, पोलिसांना फोन करायचा. गाडीला कुठेतरी पोचायचं असतं, डीजेला नसतं.

भिंतीला अंड्यांचे ट्रे लावणं, बाल्कनीत मनी प्लँटची जाळी करणं, दाट पडदे, यांनी बाहेरचा आवाज अडत नाही. पडद्याने खोलीतला घुमारा कमी होतो एवढंच. झाडं लाव, जरूर लाव, पण झाडं म्हणून लाव. भांड्यांचं म्हणशील तर फळीवर योगा मॅटचा तुकडा कापून अंथर आणि पेले एकमेकांना टेकतील असे ठेवू नकोस, वाजायचं बंद होईल. रुळांच्या भिंतीला कपाटं आणि पुस्तकांचं शेल्फ लाव, पलंगाची उशाकडची बाजू कधीच नको.

धुळीचं एका वाक्यात सांगते. ब्रेक आणि खडीची ती काळी भुकटी झाडूने उडते, म्हणून पुढच्या खोलीत झाडूच्या आधी ओला फडका, आणि डासांची जाळी काढून धुता येईल अशीच बसव.

आता ऊन. टीव्हीवर मुंबईचं तापमान 34 सांगतात आणि तू घामाघूम होऊन मला फोन करतेस. ते 34 समुद्राकाठचं असतं. तुमच्यापर्यंत खारा वारा उशिरा पोचतो, दमून पोचतो, मध्ये मलंगगडाची रांग आहे. एप्रिल-मेमध्ये बदलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, ते काही तुझ्या मनाचे खेळ नाहीत. पण याचीसुद्धा वेळ बघ. मेच्या मध्याला दुपारी बारा-साडेबाराला सूर्य अगदी डोक्यावर असतो, तेव्हा खिडकीवरचा छज्जा पुरतो. खरा त्रास तीन ते सहा. तेव्हा ऊन तिरपं होऊन छज्ज्याखालून थेट आत येतं. त्याला आतला पडदा लावून उपयोग नाही, कारण काचेतून आलेली उष्णता तोवर खोलीत शिरलेली असते. आडोसा काचेच्या बाहेर हवा. ग्रिलच्या आतून, काचेच्या बाहेरून बांबूची चिक सोड, दोरीने गुंडाळता येते ती. दुपारी खाली, सहा वाजून गेले की वर. आईने आजोळच्या पडवीला वाळ्याचे ताटे लावलेले आठवतात का तुला? तू फार लहान होतीस. त्यावर पाणी मारलं की हवा गार व्हायची आणि वास सुटायचा. मिळाला तर एखादा वाळ्याचा पडदा घे, पण जूनच्या आत काढून वाळवून ठेव, नाहीतर बुरशी.

पुढची भिंत दिवसभर तापून रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहते. हे दुसरं कारण, मागे झोपण्याचं. आणि त्या बाजूच्या खिडकीचा तुला राग आहे, पण तीच खिडकी डोंगराकडे उघडते हे तू मला एकदाही सांगितलं नाहीस. मलंगगड, तवली, डावीकडे चंदेरीचा सुळका. मी आले तेव्हा चहाचा कप घेऊन तिथेच उभी होते. जुलैत तिकडे धबधबे दिसू लागतील. संध्याकाळी चिक वर केल्यावर तिथे एक खुर्ची ठेव. डेक्कन क्वीन जाते त्याच सुमाराला पुण्याकडे, 1930 पासून धावतेय ती. तिची एवढी धडधड तर माफ करशील?

इथवरचं सगळं सवयीने आणि चार पैशांनी सुटणारं आहे. नदीचं तसं नाही, तिथे मी गोड बोलणार नाही. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगवते आणि कर्जतकडून तुमच्याकडे येते. म्हणून तुझ्या खिडकीतून पाऊस थांबलेला दिसला तरी निर्धास्त राहायचं नाही, लोणावळा, कर्जत आणि माथेरानला रात्रभर किती कोसळला ते बघायचं. ते पाणी काही तासांनी तुमच्या दाराशी असतं. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, हजारावर माणसं बोटींनी काढली. त्याच पाण्याने तुमच्या भागात तळमजले बुडवले. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आहात, घरात पाणी यायचं नाही. पण घर म्हणजे नुसता दुसरा मजला नसतो.

सोसायटीच्या मीटिंगला जा. “आम्ही नवीन आहोत, कशाला बोला” हे सोड. विजेचे मीटर जमिनीपासून किती उंच आहेत? खालच्या टाकीचं झाकण अंगणाच्या पातळीला आहे की वर उचललेलं? पुराचं पाणी आत गेलं तर पंप तेच पाणी गच्चीवर चढवतो आणि आठवड्याने अख्खी बिल्डिंग पोट धरून बसते. पाणी ओसरल्यावर टाकी उपसून, घासून, क्लोरीन टाकून मगच भरायची, हे आधीच ठरवून घ्या. पाणी वाढायला लागलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची, हे वॉचमनला लिहून द्या. स्कूटर कुठे हलवायची ती जागा आत्ताच बघून ठेवा. आणि बुडालेल्या गाडीला पाणी उतरल्यावर स्टार्टर मारायचा नाही, आधी मेकॅनिक. इंजिनात पाणी असताना चालू केलीस तर इंजिन कामातून जातं आणि साध्या विम्यात ते बसत नाही. इमारत पूररेषेच्या नकाशात कुठे येते तेही समीरला नगरपालिकेत विचारू दे. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदाची. घर विकताना घेणारा हे विचारणारच, तेव्हा आपल्याला आधी माहीत असलेलं बरं. महत्त्वाचे कागद, गॅसचं पुस्तक, औषधं, चार दिवसांचं पिठलं-भाताचं सामान, मेणबत्त्या, चार्ज केलेली पॉवर बँक, हे सगळं जूनमध्ये एका डब्यात. सुदैवाने तुझ्या त्रासाचे दिवस जुलै-ऑगस्टमध्ये मोजके असतात, त्या दिवसांना ऑफिस सोडून घरी निघायचं की मैत्रिणीकडे ठाण्यात राहायचं हे सकाळी नाही, मेमध्ये ठरवायचं.

आणि प्रवास. “बदलापूर? बापरे!” असं ऑफिसात म्हणतात, त्यांना म्हणू दे. तुझी बदलापूर लोकल इथूनच सुटते, तुला बसायला मिळतं. अंबरनाथच्या बायका उलट्या बदलापूरला येऊन रिटर्न करून जागा पकडतात, हे तू रोज बघतेस. दीड तास बसून जाणं आणि पाऊण तास लोंबकळत जाणं, मी दोन्ही केलंय. मी बसणं घेईन. तो वेळ तुझा ठेव. वाच, झोप, कोर्सचे व्हिडिओ बघ, नाहीतर नुसती खिडकीबाहेर बघत बस. फक्त डब्यात भाजी निवडत बसू नकोस. वर्तमानपत्रवाले त्या बायकांचे फोटो छापून केवढं कौतुक करतात, मला संताप येतो. कौतुक कसलं? घरी गेल्यावर कोणी हात लावत नाही म्हणून ती बाई शेंगा सोलतेय. समीर अंबरनाथच्या एमआयडीसीतून साडेसहाला घरी असतो. कुकर त्याने लावायचा, भाजी त्याने चिरायची. तू साडेआठला पोचून पोळ्या कर, किंवा तेवढ्यापुरती पोळ्यांना बाई लाव. लांब राहण्याची किंमत दोघांनी मोजायची, तू एकटीने नाही. हे तुला बोलायला जड जात असेल तर मी बोलते, मोठ्या मेव्हणीचं तो ऐकतो.

लोक येत नाहीत म्हणून तू रडलीस परवा. येणार नाहीत गं, तासाभराच्या चहासाठी बदलापूरला कोणी येत नाही. म्हणून चहाला बोलावूच नकोस. शनिवारी राहायला बोलाव. पावसाळ्यात तर तुझ्या घरी रांग लागेल. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांच्या वेळचं, 1060 चं, एका स्टेशनवर आहे. नेरळला उतरलं की माथेरान. कोंडेश्वर जवळ आहे, पण पावसात त्या कुंडात कोणालाही उतरू द्यायचं नाही, दरवर्षी तिथे माणसं जातात. दादरच्या काकूंना यातलं काही दाखवता येत नाही. त्या स्वतः येऊन राहतील बघ, आणि मग भांडी वाजल्याचं चार जणींना सांगतीलही. सांगू दे.

शेजारच्या कर्वे आजींशी ओळख वाढव. त्या तुझ्या आधीपासून तिथे राहतात, 2005 चं पाणी कुठवर आलं होतं ते त्यांनी मला जिन्याच्या पायरीवर बोट ठेवून दाखवलं. कुठल्या नकाशात ते मिळायचं नाही. आदिवासी बायका स्टेशनबाहेर कुठल्या कोपऱ्यात बसतात, कोणाची जांभळं गोड, हे त्यांनाच ठाऊक. तुमच्या जांभळांना भौगोलिक मानांकन मिळालंय, डोंबिवलीत तीच आम्ही दुप्पट भावाने घेतो.

या रविवारी मेगाब्लॉक नसेल तर आम्ही येतोय. पहिला पाऊस झाला असेल तर सकाळीच स्टेशनवर जाऊन शेवळांच्या दोन जुड्या घेऊन ठेव. कोवळी बघून घे, आणि काकडं मागायला विसरू नकोस, नाहीतर घसा खाजून जेवण राहील बाजूला. निवडू नकोस, मी आल्यावर दाखवते आतला पिवळा भाग कसा काढून टाकायचा. चण्याची डाळ तेवढी भिजत घाल. कोलंबी मी डोंबिवलीहून आणते.